विचारा, सांगते : तेल, पाणी आणि मधला पडदा

गेल्या अंकात मी बडोद्याच्या सांडपाण्याच्या कालव्याबद्दल लिहिलं. कारखान्यांतलं प्रक्रिया केलेलं पाणी महीच्या खाडीपर्यंत नेणारा हा कालवा १९८३ पासून वाहतोय. माझ्या नोकरीची बरीच वर्षं त्याच्या अलीकडच्या टोकाला, म्हणजे पाणी कालव्यात सोडण्यालायक करण्यात गेली. लिहिता लिहिता 'तेलकट पाण्यासाठी आता मेम्ब्रेन (बारीक भोकांचा गाळणारा पडदा) निघालंय' एवढं एक वाक्य टाकून मी पुढे सरकले. त्या एका वाक्यावर अकरा पत्रं आली आणि एक बाटली. बाटलीचं बूच सैल होतं. कुरिअरच्या मुलानं ती दोन बोटांत धरून माझ्या हातात दिली, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. कृपा करून नमुने घरी पाठवू नका, लिहून कळवा. अकरापैकी पाच पत्रं इथे घेतलीत.

प्रश्न : ताई, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) माझं मशीन शॉप आहे. चार सीएनसी, तीन लेथ. महिन्याला सात-आठशे लिटर खराब कूलंट (धातू कापताना गार ठेवायला सोडतात ते तेल-पाणी) निघतं. दुधासारखं पांढरं, वर काळपट तेल, आणि सोमवारी सकाळी शटर उघडलं की नासक्या अंड्यासारखा वास. पिंपात महिनाभर ठेवलं तरी पांढरं ते पांढरंच. एक विक्रेता येऊन गेला. त्याच्याकडे 'नॅनो' मेम्ब्रेन आहे. ९९.९ टक्के तेल वेगळं होतं म्हणाला, मोबाइलवर व्हिडिओही दाखवला. लाल तेल वर राहिलं, निळं पाणी खाली पडलं. घेऊ का? – वर्कशॉपवाले, मकरपुरा

उत्तर : थांबा. चेक फाडण्याआधी हे वाचा.

व्हिडिओतलं पाणी आणि तुमच्या पिंपातलं पाणी यांचं सख्खं सोडाच, चुलत नातंही नाही. व्हिडिओत तेल आणि पाणी ओतण्याआधीच वेगळे होते, रंग टाकल्यामुळे नुसते उठून दिसले. असं सुटं तेल काढायला ओगराळंही पुरतं. सेव-उसळीच्या दुकानात तिखट नको म्हटलं की तो पळीनं वरची तरी बाजूला सारून खालचा रस्सा वाढतो, मेम्ब्रेन लावत नाही. तुमच्या पिंपावर जे काळपट तेल तरंगतं ते या जातीचं. मशीनच्या स्लाइडचं, हायड्रॉलिकचं गळून आलेलं. विक्रेत्याच्या जाळीनं तेवढं निघेल. खालचं पांढरं निघणार नाही.

ते पांढरं म्हणजे जवळपास दूधच. दुधात स्निग्धाचे बारीक थेंब पाण्यात लोंबकळत असतात, कूलंटमध्ये खनिज तेलाचे. कूलंट बनवणारा आधीच तेलात साबणासारखं द्रव्य घालून देतो, म्हणून तर पाण्यात पाच टक्के ओतून काठीनं ढवळलं की ते मुकाट्यानं मिसळतं. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलात रुततं, दुसरं पाण्यात राहतं. प्रत्येक थेंबाभोवती असं कुंपण, आणि सगळ्या कुंपणांवर सारखाच विद्युतभार. दोन थेंब जवळ आले की एकमेकांना ढकलतात. जुळत नाहीत, म्हणून मोठे होत नाहीत, म्हणून वर येत नाहीत.

वर न येण्याचा हिशेब मी प्लँटवर आलेल्या नव्या पोरांना फळ्यावर करून दाखवायची. थेंबाचा चढण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, हा स्टोक्सचा नियम. रिफायनऱ्यांत एपीआय सेपरेटर नावाचे लांबोडके हौद असतात, ते १५० मायक्रॉनचा थेंब धरून बांधतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पाण्याच्या नऊ दशांश घनतेच्या तेलाचा एवढा थेंब एक मीटर चढायला चौदा मिनिटं घेतो. थेंब ५ मायक्रॉनचा असेल तर साडेआठ दिवस. १ मायक्रॉनचा असेल तर सात महिने, आणि तेही पिंपाला कोणी धक्का लावला नाही, उन्हानं आतलं पाणी ढवळलं नाही, तर. तेव्हा पिंपाला दोष देऊ नका.

आता ते ९९.९ टक्के. कूलंटमध्ये पाच टक्के तेल धरलं तर लिटरमागे साधारण ५०,००० मिलिग्रॅम झालं. त्यातलं ९९.९ टक्के काढलं तरी ५० मिलिग्रॅम उरलं. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला केंद्राची सर्वसाधारण मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे, सार्वजनिक गटाराला २०. म्हणजे विक्रेत्याचा शब्द खरा मानला तरी तुम्ही नापास. टक्के विचारूच नका, शेवटी लिटरमागे किती मिलिग्रॅम उरलं ते विचारा.

मग मेम्ब्रेननं हे काम होत नाही का? होतं आणि छान होतं, पण ते मेम्ब्रेन निराळं. त्याला अल्ट्राफिल्ट्रेशन म्हणतात. भोकं ०.०१ ते ०.१ मायक्रॉनच्या घरातली. इथे लोक एक चूक करतात. भोक थेंबापेक्षा लहान आहे ना, मग थेंब अडणारच, असं धरून चालतात. तेलाचा थेंब म्हणजे तांदळातला खडा नव्हे. दाब पडला की तो लांबट होतो आणि बारीक भोकातूनही सरपटत निघून जातो. त्याला अडवून धरतो तो तेल-पाण्यामधला पृष्ठताण. पाण्यानं भिजलेल्या ०.१ मायक्रॉनच्या भोकात तेल घुसवायचं तर ढोबळ हिशेबानं ८ बार दाब लागतो. साबण आला की ताण सहज दहा पटीनं उतरतो, आणि तुमचे ८ बार होतात ०.८. पंप ढकलतोय दोन-तीन बारनं. म्हणजे तेल पलीकडे. म्हणून साबणी पाण्याला भोक आणखी बारीक, ०.०२ मायक्रॉनच्या आसपासचं घेतात, तिथे तोच आकडा पुन्हा ४ बारवर चढतो. विक्रेत्याला विचारा, माझ्या कूलंटमधला साबण धरून भोक ठरवलंय का? उत्तरावरून माणूस कळेल.

आणखी एक. केसासारख्या पोकळ तंतूंचं मेम्ब्रेन तुमच्या कामाचं नाही. तुमच्या पाण्यात लोखंडाचा चुरा आहे, तो त्या तंतूत अडकून बसेल. अर्धा-एक इंची नळ्यांचं असतं, ते बघा. त्यातून पाणी जोरात फिरवतात. बहुतेक पाणी मेम्ब्रेनच्या अंगावरून वाहून टाकीत परत येतं, थोडं भिंतीतून पाझरतं. वाहत्या पाण्यामुळे तेलाचा थर धरायला उसंत मिळत नाही. नळीत स्पंजचा गोळा सोडून आतून पुसताही येतं.

घ्यायचंच ठरलं तर विक्रेत्याला तुमच्याच पिंपातलं पाणी द्या आणि छोटं युनिट आठ दिवस तुमच्या शेडमध्ये चालवायला लावा. पहिल्या तासाला किती पाणी पाझरलं हे सगळेच दाखवतात. मला आठव्या दिवशी धुतल्यानंतरचा आकडा हवा. पहिल्या दिवशी चौरस मीटरमागे तासाला १०० लिटर पडत होतं आणि धुऊन पुन्हा ९५ पडलं, तर बोलणी करा. ६० वर अडकलं तर चहा पाजून निरोप द्या.

आणि हेही समजून घ्या की तेल नाहीसं होत नाही. आठशे लिटरचे सत्तर-ऐंशी लिटर होतात. ती दाट तेलकट राब २०१६ च्या नियमांप्रमाणे धोकादायक कचऱ्यात मोडते आणि परवाना असलेल्या ठिकाणीच द्यावी लागते. पाझरलेलं पाणी काचेसारखं दिसेल, त्यानं हुरळून जाऊ नका. कूलंटमधली अमाइन, ग्लायकॉल, जंतुनाशकं पाण्यात विरघळलेली असतात, ती या भोकांतून आरामात जातात. सीओडी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या असल्या मळाचं माप, तपासलात की कळेल.

खरं सांगू? महिन्याला आठशे लिटरसाठी मी तुमच्या जागी मेम्ब्रेन घेतलंच नसतं. आधी पट्ट्याचा स्किमर बसवा, वरचं काळं तेल रोज निघू द्या. ते तेल रविवारभर झाकणासारखं बसतं, खाली हवा पोचत नाही, आणि बिनहवेचे जंतू माजतात. सोमवारचा वास त्यांचा. स्किमर लागला की कूलंट जास्त टिकेल आणि पिंपं कमी भरतील. बोअरचं कठीण पाणी कूलंटमध्ये घालत असाल तर तेही बंद करा, त्यातलं कॅल्शियम साबणाला खाऊन टाकतं. एवढं करूनही पिंपं भरत राहिली तर शेजारच्या चार-पाच शेडवाल्यांना बरोबर घ्या. मग मेम्ब्रेनचा हिशेब बसायला लागेल.

प्रश्न : मॅम, मी कलाभवनात (बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात) केमिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी तेल-पाणी वेगळं करणाऱ्या जाळ्यांवर वाचते आहे. एका ठिकाणी जाळी पाण्याला झिडकारते आणि तेल सोडते, दुसऱ्या ठिकाणी उलट. दोन्ही लेख म्हणतात आमचीच पद्धत बरोबर. आणि 'पाण्याखाली तेलाला झिडकारणारा' म्हणजे नक्की काय? – विद्यार्थिनी

उत्तर : कलाभवन! मीही तिथलीच गं. तो घुमट बघितला की अजून व्हायव्हाची धडधड होते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ते काढलं तेव्हा रंगकाम, सुतारकाम असल्या हातच्या विद्या शिकवायच्या होत्या. तेव्हा तूही आधी हातानं करून बघ, मग लेख वाच.

'अळवावरचं पाणी' आपण कितीदा म्हणतो. पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा राहतो, पान कललं की घरंगळून जातो. पान आणि थेंब जिथे भेटतात तिथला कोन मोजला तर १५० अंशांच्या वर. त्या पानावर मेणाचा थर आणि बारीक उंचवटे असतात, थेंब उंचवट्यांच्या टोकांवर आणि मधल्या हवेवर टेकतो. कमळाच्या पानावरचं हे सगळं जर्मनीत बॉन विद्यापीठातल्या विल्हेल्म बार्थलॉट यांनी १९९७ मध्ये नीट मांडलं. २००४ मध्ये चीनमधल्या जियांग लेई यांच्या गटानं स्टीलच्या जाळीवर टेफ्लॉनचा थर दिला. पाणी वर मोत्यासारखं थांबलं, डिझेल खाली गेलं. तुझा पहिला लेख या घराण्यातला.

त्यात एक गोम आहे. बहुतेक तेलं पाण्यापेक्षा हलकी. मिश्रण ओतलंस की पाणी तळाला, म्हणजे जाळीवर बसतं आणि तेलाची वाट अडवतं. शिवाय सोडायचं आहे तेल, तर सगळं तेल जाळीला चिकटत जाणार. चार दिवसांत जाळी तेलकट तव्यासारखी.

म्हणून दुसरं घराणं आलं. मासा तेलकट पाण्यातून पोहून गेला तरी त्याच्या खवल्यांना तेल लागत नाही. खवल्यांना पाणी इतकं प्रिय की त्यांच्यावर पाण्याचा पातळ थर धरलेला असतो, तेलाला मुळी खवला भेटतच नाही. कोरड्या खवल्यावर तेल टाक, पसरेल. पाण्याखाली मात्र गोळी होऊन घरंगळेल. 'पाण्याखाली तेलाला झिडकारणारा' तो हा. जियांग लेई यांच्याच गटानं २०११ मध्ये जाळीवर पॉलिअॅक्रिलामाइडचा, पाणी पिऊन फुगणारा जेल चढवला आणि तेल वर ठेवून पाणी खाली सोडलं. हलक्या तेलाला ही पद्धत सोयीची, कारण पाणी आधीच तळाशी असतं. जड तेल असेल, क्लोरोफॉर्मसारखं पाण्याखाली बसणारं, तर पहिलं घराणं बरं. दोन्ही लेख आपापल्या तेलापुरते बरोबर आहेत, त्यांनी तेल कोणतं ते ठळक लिहायला हवं होतं.

आता प्रयोग. आजोबांचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती धोतर घे. कोरं कापड नको, त्याला खळ असते. दोन वाट्यांवर दोन तुकडे ताणून रबरानं बांध. एक पाण्यात चिंब भिजव, दुसरा शेंगदाण्याच्या तेलात. दोन्हींवर थोडं पाणी आणि थोडं तेल ओत. पाण्यानं भिजलेल्यातून पाणी जाईल, तेल वर थबकेल. तेलानं भिजलेल्यात उलट, पाणी तटेल. कापड तेच, आधी कोण भिजवून गेलं एवढाच फरक.

मग पहिल्या वाटीवर थबकलेल्या तेलाखाली भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पोचव आणि बघत बस. सेमिनारच्या आधी हे बघितलं असलंस तर कोणीही प्रश्न विचारू दे, तू अडायची नाहीस. मकरपुऱ्याच्या काकांना वर जो आठ बारचा हिशेब दिलाय तो याच साबणाचा आहे. धोतराच्या विणीतली फट ५० मायक्रॉनची धरून तू स्वतः करून बघ. साबणाशिवाय सोळाएक सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढा दाब यायला हवा. नाही आला तर समीकरणात व्यास आणि त्रिज्येची अदलाबदल झालीय.

अजून एक सांगते. असल्या लेखांत तेल म्हणून हेक्झेन किंवा पेट्रोलियम इथर वापरलेलं दिसेल. ते पाण्यासारखं पातळ आणि स्वच्छ. खरं सांडपाण्यातलं तेल मेणचट, त्यात डांबर, गाळ, जंतूंचा चिकटा. लेखात 'किती वेळा वापरलं' हा आलेख शोध. दहा वेळांवर थांबलेला असेल तर मनात खूण करून ठेव, कारखान्यात मेम्ब्रेन वर्षानुवर्षं चालावं लागतं.

प्रश्न : मॅडम नमस्ते, मी नंदेसरीला ईटीपीवर (सांडपाणी प्रक्रिया प्लँटवर) ऑपरेटर आहे. आमचं पीव्हीडीएफ प्लास्टिकचं यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन) दीड वर्षात बसलं. तेल निघावं म्हणून गरम कॉस्टिक सोडा वाढवत नेला, आता तंतू चहासारखे तपकिरी झालेत. फेस मारायला सिलिकॉनचं डिफोमर टाकतो. धुतलं तरी फ्लक्स (पाणी पाझरण्याचा वेग) येत नाही. शेठ म्हणतात ऑपरेटरनं वाट लावली, आता सिरॅमिक आणतो. सिरॅमिक खरंच खराब होत नाही का? – ऑपरेटर, नंदेसरी

उत्तर : भाऊ, आधी शेठ आणि तुमच्यातलं भांडण बाजूला ठेवू. मी स्वतः मेम्ब्रेनची एक अख्खी रांग मारली आहे, तेव्हा मला ऑपरेटरला बोलायचा हक्क नाही.

दिवाळीची गोष्ट. फॅक्टरी धनतेरसला बंद झाली ती लाभपंचमीला उघडायची. यूएफ बंद करून निघायचं म्हणजे मोड्युलमध्ये (मेम्ब्रेनच्या नळ्यांच्या संचात) जंतू न वाढू देणारं द्रावण भरून, दोन्ही टोकं बंद करून ठेवायचं. मी लॉगबुकात तसं लिहिलं, पण करून घेतलं की नाही ते बघायला थांबले नाही. घरी चकलीची भाजणी वाट बघत होती. कोणी तरी निघताना ड्रेन उघडा ठेवला. आठवड्यानं येऊन चालू केलं तर पाणी पाझरेना. मेम्ब्रेन कोरडं पडलं होतं. पाण्याशी मैत्री असलेल्या मेम्ब्रेनची भोकं एकदा सुकली की पुन्हा नीट भिजत नाहीत, काही तर आक्रसून मिटतात. अल्कोहोलमध्ये भिजवून अर्ध्याअधिक नळ्या वाचवल्या, उरलेल्या भंगारात. साहेबांना मी सांगितलं की चूक माझी. ते काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

तुमच्या पत्रात ओळखीच्या दोन गोष्टी दिसल्या. तेल निघावं म्हणून गरम कॉस्टिक वाढवत नेलं असं लिहिलंय आणि तंतू चहासारखे तपकिरी झालेत असंही. पीव्हीडीएफला क्लोरीन चालतं, आम्ल चालतं, पण कडक कॉस्टिक नाही. पॉलिमरमधला फ्लोरिन सुटत जातो, रंग तपकिरी होतो आणि तंतू कडकडीत होतात. तो रंग घाणीचा नाही, मेम्ब्रेनचा आहे. किती पीएचपर्यंत चालेल हे मॅन्युअलमध्ये असतं. मॅन्युअल शेठच्या केबिनच्या कपाटात असेल, तुमच्यापर्यंत पोचलं नसेल, तर वाट कोणी लावली ते तुम्हीच ठरवा. पीईएस या दुसऱ्या प्लास्टिकचं मेम्ब्रेन कॉस्टिक बरंच जास्त सोसतं.

दुसरी गोष्ट, फेस मारायला सिलिकॉनचं डिफोमर टाकता असं लिहिलंत. ते लगेच थांबवा. सिलिकॉन मेम्ब्रेनवर जाऊन बसलं की ना कॉस्टिकला दाद देतं, ना सायट्रिक आम्लाला.

आता सिरॅमिक. अॅल्युमिना, झिर्कोनिया, टिटॅनिया, आणि अलीकडे सिलिकॉन कार्बाइड. मातीच्या भांड्यासारखं भाजून केलेलं, त्यामुळे आम्लापासून कॉस्टिकपर्यंत जवळपास सगळं पचवतं, ऐंशी अंशाच्या कॉस्टिकनं धुता येतं, उलट्या बाजूनं दाबाचा झटका देऊन थर उडवता येतो. पृष्ठभाग पाण्याचा लोभी. सिलिकॉन कार्बाइडवर नेहमीच्या पीएचला ऋण भार असतो, तेलाच्या थेंबांवरही बहुधा ऋणच, म्हणून थेंब चिकटायला बिचकतात. पाणी गरम असेल, त्यात सॉल्व्हंट येत असेल, तर सिरॅमिकला तोड नाही.

पण खराब होत नाही हे खोटं. भोकं बुजतात, तीही बुजतात. फरक इतकाच की तुम्हाला जोरात घासायची मुभा मिळते. हातातून पडलं की कपासारखं फुटतं. गरम नळीत एकदम गार पाणी सोडलं तर तडकतं. किंमत पॉलिमरच्या कित्येक पट. आणि मेम्ब्रेनच्या आधीचा डीएएफ (बारीक बुडबुडे सोडून तेल वर आणणारी टाकी) नीट चालत नसेल, तुरटीचा डोस चुकत असेल, सुटं तेल थेट मेम्ब्रेनवर येत असेल, तर सिरॅमिकचीही तीच गत. शेठना सांगा, पैसे खर्च करण्याआधी डीएएफच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यातलं तेल आठ दिवस रोज मोजू. त्या कागदावर त्यांची सही घ्या. भांडणासाठी नाही, पुढचा फुकटचा खर्च वाचवायला.

प्रश्न : पावसाळ्यात अलकापुरीच्या नाल्यात इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात. एवढं तेल विश्वामित्री नदीत जातं का? आणि २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं तेव्हा लोक बादल्यांनी उपसत होते. तिथे मेम्ब्रेन का लावलं नाही? – निवृत्त शिक्षक, अलकापुरी

उत्तर : सर, रंग दिसतात तेवढं तेल नसतं. इंद्रधनुषी तवंगाची जाडी ०.३ ते ५ मायक्रॉन. १ मायक्रॉन धरा, म्हणजे एक लिटर इंजिन ऑइल हजार चौरस मीटर रंगवतं. एखाद्या स्कूटरचं गळकं इंजिन अख्ख्या सोसायटीचं अंगण सजवू शकतं. तरी ते नदीत जातंच, आणि तिथल्या मगरींना त्याची सवय झाली असेल असं म्हणून सोडून देता येत नाही.

एन्नोरला सांडलं ते जड इंधन तेल. लाटांनी त्यात पाणी घुसळलं गेलं की तेलात पाणी असं उलटं इमल्शन होतं, श्रीखंडासारखं घट्ट. अशा गोळ्याला मेम्ब्रेनवर ओतणं म्हणजे श्रीखंड वस्त्रगाळ करायला बसणं. तिथे बादली, फावडं आणि माणसं हेच खरं. मेम्ब्रेनचं काम नंतर, उपसलेल्या ढिगातून जे पाणी सुटतं त्यावर. जहाजांच्या तळाचं तेलकट पाणी समुद्रात सोडण्याआधी त्यातलं तेल १५ पीपीएमखाली (दहा लाख भागांत १५ भागांखाली) आणावं लागतं, तिथेही मेम्ब्रेन वापरतात.

प्रश्न : बाई, मी सत्त्याहत्तर वर्षांची. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात राहते. दिवाळीचं तळण झालं की मोरी तुंबते. नातू म्हणतो आजी, सिंकखाली मेम्ब्रेन बसवू. बसवावं का? – एक आजी

उत्तर : नको हो आजी. नातवाला म्हणावं, मेम्ब्रेन चालवायला पंप लागतो, धुवायला रसायनं लागतात, आणि डाळीचं एक टरफल अडकलं की सगळं ठप्प. त्याला फारच हौस असेल तर सिंकखाली ग्रीस ट्रॅप बसवून दे म्हणावं. ती नुसती कप्प्यांची पेटी असते. पाणी हळू होतं, तेल वर थांबतं, दर आठवड्याला झाकण उघडून काढायचं. काढायचं काम मात्र त्यानंच करायचं, हे आधी कबूल करून घ्या.

तुमची मोरी तुंबते ती नुसत्या तेलानं नाही. गरम पाण्यानं कढई धुतली की तेल पातळ होऊन पाइपात पुढे जातं, थंडीत गार पाइपाला चिकटतं. डालडा किंवा तूप असेल तर थिजतंच. वर बेसनाची कणी आणि साबण. कढई गार झाली की तळाचं तेल बरणीत काढा, उरलेलं रद्दी कागदानं पुसा, मग घासा. कागद कोरड्या कचऱ्यात नको, ओल्यात टाका. बरणी भरली की मोरीत ओतू नका. वापरलेलं तेल साबण आणि बायोडिझेल करणारे घेतात, नातवाला चौकशी करायला लावा. मोबाइल आहेच त्याच्या हातात.